हात काढ

१

गल्लीत सगळे त्यांना फोरमन म्हणत. बसडेपोतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, आता ते कुणाचेच फोरमन नव्हते, पण नाव चिकटलं ते चिकटलं. बायकोला गल्ली काकू म्हणायची. राहायचं वरच्या मजल्यावर आणि अंगणापलीकडे गॅरेज. काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर गॅरेजच्या तोंडावर उघडायची, त्यामुळे भांडी विसळता विसळता नवऱ्याचे उद्योग त्यांना दिसत. आणि नवरा काम करता करता दर थोड्या वेळाने मान वर करून खिडकीकडे बघायचा. त्याला कारण काहीच नसायचं. "मी पळून गेले की काय ते बघतात," असं काकू शेजारणीला सांगायच्या.

मग फोरमनना झटका आला. तोंड वाकडं झालं होतं ते सरळ झालं, पाय फरपटत होता तो चालायला लागला, उजवा हात मात्र गेला तो गेला. खांद्यापासून लोंबायचा. व्यायाम शिकवायला एक मुलगी येऊ लागली. तिने रबरी चेंडू दिला आणि दिवसभर दाबत राहा म्हणून सांगितलं. फोरमन चेंडूकडे बघायचे, चेंडू फोरमनकडे. दाबला जायचा नाही. ज्या अंगठ्याचं नख एकदा हातोडीखाली सापडून मधोमध चिरलं होतं आणि तसंच चिरलेलं वाढत राहिलं होतं, तो अंगठा नुसता थरथरायचा.

गॅरेजात त्यांची जुनी डिझेल गाडी उभी होती. धूर ओकायची, ऑइल प्यायची, चढावर रडायची. मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला. त्याने फोनवर सांगितलं की पुढच्या सुट्टीत येतो, ओढायची गाडी घेऊन येतो आणि हे धूड भंगारात घालतो, म्हणजे बाबा निवांत बसतील. फोरमन म्हणाले की निवांत मेल्यावर बसेन, तू येईपर्यंत इंजिन बांधून ठेवतो आणि साधंसुधं नाही, कंपनीतून आलं होतं त्यापेक्षा दणकट बांधतो. मुलगा हसला. वाईट नव्हता बिचारा, काळजीनेच हसला.

"एका हाताने, बाबा?"

ते फोरमनना जे झोंबलं ते झोंबलं. फोन ठेवल्यावर ते काकूंना म्हणाले, "एका हाताने." आणि लगेच खाली उतरले.

डिझेलचे पंप दुरुस्त करणारा एक जुना दोस्त होता, त्याला सगळे पंपवाला म्हणत. त्याने चेनपुली लावून इंजिन बाहेर काढून दिलं, लेथवाल्याकडे नेऊन सिलिंडर घासून आणले, नवे पिस्टन आणले, जाड बेअरिंगं आणली, नेहमीच्या बोल्टांऐवजी लांब आणि चिवट पोलादाचे बोल्ट आणले. बांधायचं मात्र मीच, असं फोरमननी त्याला बजावलं. पंपवाल्याने मान डोलावली. फोरमनशी वाद घालण्यात काही अर्थ नसतो हे त्याला डेपोपासून ठाऊक होतं.

डेपोत त्यांच्या हाताची ख्याती होती. एखादा बोल्ट कुणालाच सुटला नाही की पोरं म्हणायची, यावर फोरमनचा हात पडलेला दिसतोय. मग फोरमन यायचे, उजव्या हाताने एक हिसका द्यायचे आणि बोल्ट सुटायचा. नेमकं किती आवळायचं ते सांगणारा टॉर्क पाना त्यांनी उभ्या जन्मात वापरला नव्हता. तो पाना म्हणजे त्यांना आपल्या मनगटाचा अपमान वाटायचा. आता मात्र डाव्या हाताचा भरवसा नव्हता म्हणून तो विकत आणला. हव्या तेवढ्या जोरावर लावून ठेवायचा आणि ओढायचं. तेवढं आवळलं गेलं की पाना कट् करतो. मग थांबायचं.

एक सवय मात्र जुनीच होती. बोल्ट आवळून झाला की डोक्यावरून शेजारच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. बोल्ट जरा जरी ढिला झाला तरी रेघ तुटते आणि लांबून कळतं. उजव्या हाताची त्यांची रेघ सुतासारखी सरळ असायची, शेवटी ब्रश उचलताना तिला बारीकशी शेपटी फुटायची. डाव्या हाताची रेघ बालवाडीतल्या पोराने काढल्यासारखी यायची.

२

इंजिन लाकडी घोडीवर उलटं पाडून ठेवलं होतं. क्रँक बसवला होता आणि त्याला धरून ठेवणाऱ्या बेअरिंगच्या कॅप एकेक करून आवळायच्या होत्या. क्रँक हा इंजिनाचा कणा, तिथे चूक झाली तर पुढचं सगळं वाया. फोरमन डाव्या हाताने पाना ओढायचे, छातीने रेटायचे, कट् ऐकलं की थांबायचे आणि वाकडीतिकडी रेघ काढायचे. मग खिडकीकडे बघायचे. काकू वरून, झालं का, असं हातानेच विचारायच्या.

त्या दिवशी निम्म्या कॅप झाल्यावर दम लागला. उरलेले बोल्ट त्यांनी बोटांनी नुसते अडकवले आणि जेवून मागच्या खोलीत आडवे झाले. दुपारची झोप डॉक्टरांनी सक्तीची केली होती. उठून चहा घेतला, खाली आले, पाना उचलला आणि तसाच धरून उभे राहिले.

सगळ्या बोल्टांवर पिवळी रेघ होती.

आधी त्यांना वाटलं की आपणच आवळले असतील. झटक्यानंतर विसरभोळेपणा येईल असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं, परवाच चष्मा डोळ्यांवर असताना घरभर शोधला होता. खातरजमा म्हणून त्यांनी पाना लावून एकेक बोल्ट ओढून पाहिला. प्रत्येकावर पाना लगेच कट् म्हणाला. म्हणजे पुरेसं आवळलेलं होतं. काम नीट झालं होतं, आणि नीट झालेल्या कामाबद्दल तक्रार करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

पण त्यांनी चष्मा पुसला आणि खाली वाकून बघितलं. अलीकडच्या रेघा त्यांच्याच, वेड्यावाकड्या. पलीकडच्या सुतासारख्या सरळ होत्या आणि प्रत्येकीला शेवटी बारीक शेपटी होती.

लोंबणारा उजवा हात त्यांनी डाव्याने उचलून नाकापाशी आणला आणि हुंगला. साबणाचा वास आला. अंघोळीनंतर त्या हाताने कशालाही स्पर्श केलेला नव्हता.

३

पुढच्या दोन दिवसांत पिस्टन बसले. बसवायला घेतले फोरमननी, पुरे झाले ते दुपारच्या झोपेत. ते काकूंना काही बोलले नाहीत. काय बोलणार? आपल्याला वेड लागलंय हे माणूस स्वतःच्या तोंडाने शेवटीच सांगतो.

तिसऱ्या दिवशी चहा देताना काकूंचा चेहरा वेगळाच दिसला. झटक्यानंतर तो चेहरा फोरमननी पाहिलाच नव्हता. त्या नवऱ्यासमोर बसल्या, त्याचा उजवा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि कुरवाळत राहिल्या.

"मला सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं," त्या म्हणाल्या. "लपूनछपून करायचं कशाला?"

"काय लपवलं मी?"

"आज दुपारी बघितलं मी. किती भराभर चालत होता हा हात. अगदी पूर्वीसारखा." त्यांचे डोळे भरून आले होते. "मी हाक मारणार होते, पण म्हटलं नको, काम मोडेल."

फोरमननी कप खाली ठेवला. दुपारभर ते मागच्या खोलीत झोपले होते. उशीवर डोक्याचा खळगा अजून होता. हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनी तो हात उचलून गालाला लावला आणि फोरमनची जीभ रेटली नाही. भीती वाटली म्हणून नव्हे. भीती होतीच, पण त्याहून वर दुसरं काहीतरी आलं आणि ते म्हणजे सरळ सरळ मत्सर होता. इतक्या महिन्यांत आपल्याकडे बघून ही बाई अशी फुलली नव्हती.

संध्याकाळी बाकावर त्यांना रबरी चेंडू सापडला. तो वरच्या मजल्यावर, पलंगाशेजारी असायचा. चेंडू फुटला होता. रबरात चार बोटांचे खड्डे होते आणि जिथे अंगठा येतो तिथे दोन बारीक ओरखडे, शेजारी शेजारी.

"तुला जमतं म्हणून दाखवतोस होय," फोरमन रिकाम्या गॅरेजला म्हणाले. घोडीवरचं इंजिन गप्प होतं. त्याच्या आणि मागच्या भिंतीच्या मधे एक अरुंद फट होती. मांजर बसेल, माणूस मावणार नाही. फोरमन तिकडे बघत उलट्या पावलांनी बाहेर आले आणि अंगणात आल्यावर आपण उलटं चाललो याची त्यांना लाज वाटली.

४

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी काकूंना जवळ बसायला सांगितलं. मी झोपेन, तू फक्त बसून राहा, मी उठून कुठे गेलो तर मला उठव. काकू हसल्या की उठून गेलेल्या माणसाला उठवायचं कसं. पण विणकाम घेऊन बसल्या.

फोरमनना झोप लागणार नाही असं वाटत होतं, पण लागली. जागे झाले तेव्हा काकू खुर्चीत नव्हत्या. विणकाम जमिनीवर पडलं होतं आणि लोकरीचा गुंडा दारापर्यंत घरंगळत गेला होता. अंगणापलीकडून आवाज येत होता. पान्याचा आवाज फोरमन झोपेतही ओळखतील. हा टॉर्क पाना नव्हता, कुठेच कट् होत नव्हतं. साधा लांब दांड्याचा पाना होता. एक ओढ, लोखंडाचं कण्हणं, पुन्हा एक ओढ. जिथे कुणीही थांबेल तिथे न थांबता आणखी एक.

ते उठून भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेले. काकू खिडकीपाशी उभ्या होत्या. दोन्ही हातांनी खिडकीची चौकट धरली होती. फोरमनची चाहूल लागली तेव्हा त्यांनी मागे वळून नवऱ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं, मग परत नवऱ्याकडे. आणि खिडकी लावून टाकली.

"काय दिसलं?"

"पाठ," काकू म्हणाल्या.

दोघं तिथेच फरशीवर बसली. आवाज चालूच होता, घाई नव्हती त्याला. काकू बोलल्या तेव्हा आवाज शाबूत होता. चिडलेलाच होता, खरं तर.

"मला कालच खटकायला हवं होतं. इतका वेळ मी खिडकीत उभी होते आणि त्याने एकदाही वर बघितलं नाही."

५

खाली आवाज बंद झाला तेव्हा ऊन उतरलं होतं. थोड्याच वेळात पंपवाला फाटकाच्या आत येऊन फोरमनना हाका मारू लागला. नवरा-बायको खाली गेली ती त्याच्या आवाजाच्या आधाराने.

इंजिन बांधून पुरं झालं होतं. उलटं होतं ते सुलटं उभं होतं, खाली ऑइलचं चेंबर लागलं होतं, वर हेडचं झाकण बसलं होतं, मागे फ्लायव्हीलचं जड चाक चढलं होतं. सगळीकडे पिवळ्या रेघा, सरळ, शेपटीवाल्या. पंपवाला त्याभोवती फिरत होता आणि त्याच्या तोंडाचा आ मिटत नव्हता. हे एकट्याने सुलटं केलंत कसं, असं विचारत होता. हेडच्या एका नटाला त्याने पाना लावून सगळा जोर लावला. तसूभर हललं नाही.

"हा हात दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही," तो म्हणाला. "फोरमन, तुम्ही परत आलात."

पंपवाल्याने उत्साहाच्या भरात तिथूनच मुलाला फोन लावला आणि फोरमनच्या कानाला धरला. मुलाचा आवाज ओला झाला होता. बाबा, मी हसलो ते चुकलंच माझं, असं तो म्हणत होता. उद्या पंपवाल्याने यायचं, इंजिन गाडीत बसवायचं आणि किल्ली फिरवायची, बस. सगळं आयतं पुढ्यात आलं होतं. फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं की मुलगा खूश, दोस्त खूश, गल्लीत मान ताठ. फोरमनना तो मोह झाला, नाही झाला म्हणणं खोटं ठरेल.

पंपवाला गेल्यावर त्यांनी लांब दांडा घेतला आणि पुढच्या पुलीच्या बोल्टाला लावला. नवं बांधलेलं इंजिन सुरू करण्याआधी हाताने दोन फेरे फिरवून बघायचं असतं. ते जड फिरतं. पिस्टनच्या रिंगा नव्या, बेअरिंगं नवी, माणसाला घाम फुटतो. फोरमननी डाव्या हाताने दांडा ओढला.

इंजिन अलगद फिरलं. लोण्यातून सुरी जावी तसं.

त्यांनी ओढ कमी केली, तरी ते फिरत होतं. दांडा सोडून नुसता तळवा टेकवला, तरी फिरत होतं, अगदी त्यांच्या गतीने. मागच्या बाजूने, भिंतीकडून, फ्लायव्हीलवरून कुणीतरी सोबतीने फिरवत होतं. डेपोत मोठं इंजिन असंच फिरवायचे, एकजण पुढून आणि एकजण मागून. मागून फिरवायला नेहमी ज्याच्या अंगात जास्त जोर तो.

काकूंनी ते बघितलं आणि नवऱ्याचा सदरा मागून मुठीत धरला.

फोरमनना संताप असा आला की कानशिलं तापली. आपल्या घरात, आपल्या इंजिनावर, आपल्या बायकोसमोर. ते फटीतल्या अंधाराकडे बघून हळू आवाजात बोलले, डेपोत एखाद्या आगाऊ पोराला बोलावं तसं.

"हात काढ."

इंजिन थांबलं. फोरमननी दांडा ओढला. हललं नाही. छाती लावून रेटलं, काकूंनी मागून जोर दिला. दगडाचं केल्यासारखं इंजिन जागच्या जागी घट्ट होतं.

६

घाबरलेल्या माणसाने त्या दिवशी वर जाऊन दार लावून घेतलं असतं. फोरमननी दिवा लावला. ऊन अजून अंगणात होतं, पण गॅरेजात आता जरा जास्तच अंधारून आल्यासारखं वाटत होतं.

डोकं चालवायचं त्यांनी ठरवलं. इंजिन जाम आहे, तर त्याला कारण असणार. ती लांब दांड्याची एकेक जादा ओढ त्यांना आठवली आणि एकदम लख्ख कळलं. टॉर्क पाना कमी आवळलेलं सांगतो, जास्त आवळलेलं सांगत नाही. त्या दिवशी तो प्रत्येक बोल्टावर लगेच कट् म्हणाला आणि आपण खूश झालो. नवे चिवट बोल्ट, आणि त्यावर तो जुना हात. कॅप अशा आवळल्या गेल्या होत्या की बेअरिंग क्रँकला चिरडत होतं. गाडी अशीच सुरू केली असती तर पहिल्याच चढावर इंजिन चिकटलं असतं.

म्हणजे हा सगळा दणकटपणा खोलून काढायचा. आणि खोलणार कोण? फोरमनने आवळलेलं फोरमनशिवाय कुणाला सुटत नाही. त्यांना हसू आलं, अगदी मनापासून. आयुष्यभर मिरवलं ते आता नरड्याशी आलं होतं.

चेनपुलीने दोघांनी मिळून इंजिन कुशीवर झोपवलं. चेंबरच्या बारीक बोल्टांशीच काकूंच्या हाताला फोड आला. चेंबर निघालं आणि आतला क्रँक उघडा पडला. फोरमननी दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीचा आरसा घेतला. क्रँकच्या मागची बाजू सरळ दिसत नाही, आरसा आत घालून बघावी लागते. काकूंनी टॉर्च धरला.

आरशात आधी पोलाद दिसलं, मग ऑइलची चकाकी. त्यांनी आरसा किंचित कलता केला.

क्रँकला मागून चार बोटं गुंडाळलेली होती. त्या जागी हात मावत नाही. तिथे काडीपेटी मावत नाही. बोटांचे सांधे पांढरे पडले होते, इतकं करकचून धरलेलं होतं. आणि वरून वळून आलेला अंगठा, मधोमध चिरलेल्या नखाचा.

फोरमननी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. तो शेजारी लोंबत होता, मऊ, स्वच्छ, कसलाही उपयोग नसलेला.

काकूंना आरशातलं दिसत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा दिसत होता. फोरमननी आरसा त्यांच्याकडे केला.

"मला नका दाखवू," काकू म्हणाल्या. "पाइप कुठे धरू ते सांगा."

पान्याच्या दांड्यावर लांब लोखंडी पाइप चढवला. फोरमनचा डावा हात, काकूंचे दोन्ही, आणि पाय घोडीला रोवलेले. पहिला बोल्ट सुटेचना. दोघांच्या तोंडाला फेस आला. फोरमन त्या अंधाऱ्या क्रँककडे बघून बोलतच होते, सगळं मोठ्याने. की तुझा जोर होता तेव्हा होता. की तू आवळलंस आणि मिरवलंस आणि लोकांना खोलायला माझीच वाट बघायला लावलीस. की हा हात लुळा असेल पण माझा आहे, ही बाई माझी आहे, आणि हे इंजिन वाईट बांधलं तरी मीच बांधणार. काकू मधेच म्हणाल्या की भांडण नंतर करा, आधी ओढा.

बोल्ट कडाडला. इतका मोठा आवाज झाला की अंगणातले पक्षी उडाले. मग दुसरा, मग तिसरा. शेवटचा सुटला तसा क्रँक आपल्याच वजनाने सावकाश कलंडला, आतून कुणीतरी नाइलाजाने सोडून द्यावा तसा. फोरमननी आरसा परत आत घातला नाही. फडकं ऑइलमध्ये बुडवलं आणि सगळ्या सरळ पिवळ्या रेघा एकेक करून पुसून टाकल्या.

७

चिरडलेली बेअरिंगं टाकून नवी आणावी लागली. पंपवाल्याला काहीच सांगितलं नाही, आणि बांधलेलं इंजिन यांनी परत का खोललं हे त्याला आजवर कळलेलं नाही. दुपारची झोप बंद झाली. जेवण झाल्यावर दोघं गॅरेजातच खुर्च्या टाकून बसायची, इंजिनासमोर, पाहुण्यावर नजर ठेवावी तशी. कॅप फोरमननी आवळल्या, डाव्या हाताने, कट् म्हटलं की थांबून. रेघा वेड्यावाकड्या आल्या. दोन काकूंनी काढल्या, त्या त्याहून वाकड्या आल्या. शेवटी दांडा लावून इंजिन फिरवलं तेव्हा ते जड फिरलं, नव्या इंजिनाने फिरावं तसं, आणि फोरमनना घाम फुटला. त्या घामाने त्यांना जेवढा आनंद झाला तेवढा नोकरीत बढती मिळाल्यावर झाला नव्हता.

याच दिवसांत उजवा हात गरम राहू लागला. व्यायामवाल्या मुलीने तपासला, तर बोटं हलत होती. ती खूश झाली. ही फार चांगली खूण आहे म्हणाली. फोरमननी तिला विचारलं की ही बोटं मी हलवतोय हे कशावरून. तिला तो विनोद वाटला.

मुलगा आला, ओढायची गाडी घेऊनच आला, आणि फाटकात थांबला. कारण अंगणात जुनी डिझेल गाडी सुरू होती. धूर नव्हता. आवाज भरदार होता, जरा ओबडधोबड, पण एका लयीत. मुलाने बोनेट उघडून ती वेडीवाकडी रंगरंगोटी बघितली. मग म्हणाला, बाबा, निदान चालवू तरी मला द्या.

"सर तिकडे," फोरमन म्हणाले.

ते स्टिअरिंगवर बसले, काकू शेजारी. ठरलं होतं तसं, स्टिअरिंग फोरमनचा डावा हात धरणार आणि गिअर काकू टाकणार. फोरमननी क्लच दाबायचा आणि सांगायचं. या वयात नसते धंदे, असं काकू म्हणाल्या, पण गिअरवर हात पक्का होता. गाडी फाटकातून बाहेर पडली. मुलगा थोडा वेळ शेजारून पळाला आणि मग मागे राहिला. गल्ली संपली, वळण आलं आणि पुढे तो चढ लागला जिथे ही गाडी कायम रडायची.

आज रडली नाही. इंजिन खालून उचलत होतं. फोरमनना वाटलं, बघ, हे माझं आहे. त्यांचा ऊर भरून आला. आणि मग ध्यानात आलं की स्टिअरिंग हलकं झालंय.

मांडीवर ठेवलेला उजवा हात मांडीवर नव्हता. तो वर होता, स्टिअरिंगवर, सांधे पांढरे पडेपर्यंत आवळलेला. हात छान होता, मजबूत होता, गाडी सरळ रेषेत चालवत होता. काकूंना तो दिसला.

त्याला राहू दिलं असतं तर डॉक्टरांनी पाठ थोपटली असती.

फोरमननी डावा गुडघा स्टिअरिंगखाली टेकवून ते आहे तिथे दाबून धरलं. डाव्या हाताने त्या हाताचं करंगळीपासून एकेक बोट उलगडलं. प्रत्येक बोट खिळा उपटावा तसं निघालं. अंगठा शेवटी निघाला. मग त्यांनी तो हात मनगटाला धरून खाली घेतला, मांडीखाली सारला आणि त्यावर आपलं सगळं वजन टाकून बसले.

गाडी जरा डगमगली, कडेच्या गवतात गेली, परत रस्त्यावर आली. रेघ वाकडी पडली असणार मागे. चढ अजून निम्मा बाकी होता आणि इंजिन जड व्हायला लागलं होतं. मांडीखाली ती बोटं हळूहळू मिटत होती, कातड्यात रुतत होती, जिथे कुणीही थांबेल तिथे न थांबता.

फोरमननी क्लच दाबला.

"दुसरा टाक," ते म्हणाले.

काकूंनी दुसरा गिअर टाकला.